छातीभर कोमट पाणी: झिजलेल्या गुडघ्यांसाठी शेतातल्या हौदाचं एक प्रकरण

बाईंचं वय ६१, वजन ७४ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातलं केळी आणि कपाशीचं घर. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रेमध्ये उजव्या सांध्याची आतल्या बाजूची फट बरीच कमी झालेली, कडेला हाडाचे काटे. सकाळी उठल्यावर गुडघे पंधरा-वीस मिनिटं आखडलेले राहतात, मग मोकळे होतात. आमवातात हा आखडलेपणा तासाहून जास्त टिकतो आणि हातांची बोटंही सुजतात. इथे तसं नव्हतं. म्हणजे दुखणं झिजेचं. सोबत मधुमेह आणि रक्तदाब, दोन्हींच्या गोळ्या रोज चालू.

प्रकरण एका बाईचं म्हणून लिहिलं आहे, पण या पट्ट्यातल्या अनेक घरांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते शिकवण्यासाठी बांधलं आहे.

त्यांची तक्रार एका वाक्याची होती: ‘ओटा उतरताना जीव जास.’ चढण्यापेक्षा उतरणं कठीण, हे झिजेच्या गुडघ्याचं जुनं लक्षण. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणत-ताणत शरीराचं वजन पेलावं लागतं आणि गुडघ्याच्या वाटीवर दाब वाढतो. दुखतं म्हणून चालणं कमी, चालणं कमी म्हणून मांडी बारीक, मांडी बारीक म्हणून गुडघ्यावर भार जास्त. या चक्रात दोन वर्षं गेली होती. खुर्चीतून हाताचा आधार न घेता तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं, हे मोजलं तर आकडा सहा आला. साठीतल्या निरोगी बाईला बारा किंवा जास्त वेळा उठता यायला हवं. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत येऊन बसायला पंधरा सेकंद लागले. चालताना वेदना दहापैकी सात.

जमिनीवरचे व्यायाम आधी सांगून झाले होते. चार दिवस केले, दुखणं वाढलं, सोडून दिले. दोष त्यांचा नव्हता. सात गुण दुखत असताना कोणीही दहा वेळा अर्धी बैठक मारत नाही.

मग घरच्यांनी उनपदेव धरला. चोपडा तालुक्यात अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी गोमुखातून गरम पाण्याची धार पडते. सांधेदुखी आणि त्वचेच्या तक्रारी घेऊन माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. सलग तीन रविवार त्या गेल्या, वीस-पंचवीस मिनिटं गरम पाण्यात बसल्या. रात्रीपर्यंत बरं वाटे, सकाळी गुडघे पुन्हा होते तसेच. तिसऱ्या रविवारी उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि सुनेने धरलं म्हणून पडल्या नाहीत.

दोन्ही गोष्टींना कारण आहे. गरम पाण्याने कातडीच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, आखडलेले स्नायू सैल पडतात, वेदना काही तास दबते. पण बसून राहिल्याने मांडीत ताकद येत नाही, म्हणून सकाळी सगळं मूळपदावर. अंधारी आली तीही त्या रुंद रक्तवाहिन्यांमुळेच. पाण्यात असताना पाण्याचा दाब पायातलं रक्त वर ढकलत असतो. माणूस एकदम उभा राहिला की तो दाब सुटतो, रक्त खाली उतरतं, त्यात रक्तदाबाची गोळी पोटात. म्हणून इथे एक फरक घरच्यांना पहिल्यांदा समजावला: बसायचं पाणी वेगळं, व्यायामाचं पाणी वेगळं. व्यायामाचं पाणी ३२ ते ३४ अंश सेल्सिअस असावं. अंगाला ते ‘गरम’ लागत नाही, नुसतं थंड लागत नाही. ३६ च्या वर गेलं की स्नायूंची स्वतःची उष्णता अंगातून बाहेर पडत नाही, आणि ३८ च्या वर व्यायाम करूच नये.

कोमट पाणी काय करतं, हेही नेमकं माहीत असावं, नाहीतर अपेक्षा भलतीच होते. पाणी झीज भरून काढत नाही. ते वजन उचलतं. कमरेपर्यंतच्या पाण्यात पायांवर साधारण निम्मं वजन येतं, छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत पाणी असेल तर साधारण एक तृतीयांश, मानेपर्यंत असेल तर जेमतेम दहावा हिस्सा. ७४ किलोच्या या बाई छातीभर पाण्यात उभ्या राहिल्या की गुडघ्यांना पंचवीसेक किलोच जाणवतात. दुखणं कमी होऊन हालचाल शक्य होते आणि त्या हालचालीने ताकद येते. २०१६ मध्ये गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी पाण्यातल्या व्यायामाच्या १३ चाचण्या, साधारण १,१९० माणसांच्या, कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या पारखणाऱ्या संस्थेने एकत्र तपासल्या. फायदा खरा निघाला, पण थोडा, आणि लगेचच्या काळापुरता. शंभर गुणांच्या मापावर वेदना पाचेक गुणांनी कमी. पाण्याला चमत्कार मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आमच्या मते पाण्याचं खरं मोल वेगळ्या ठिकाणी आहे: जमिनीवर व्यायाम सुरूच करता येत नाही अशा माणसाला ते पहिली पायरी देतं.

व्यायामासाठीचा कोमट पाण्याचा तलाव जवळपास नव्हता. विहिरीशेजारी वापरात नसलेला हौद मात्र होता. लांबी १२ फूट, रुंदी ४ फूट, खोली ४ फूट, अर्धा जमिनीत. त्याच्या एका टोकाला विटांच्या पाच पायऱ्या बांधल्या, प्रत्येक आठ इंच उंच आणि दहा इंच रुंद, वर खरबरीत सिमेंट. दोन्ही बाजूंना सव्वा इंची जीआय पाइपचा कठडा. पायऱ्यांनी चार फूट खाल्ले, चालायला आठ फूट उरले. पाण्याची उंची साडेतीन फूट ठेवली. १५२ सेंटिमीटर उंचीच्या बाईला ती बरोबर छातीच्या खालच्या कडेला येते. एवढ्या हौदात साधारण ४,००० लिटर पाणी बसतं. शिडी लावून उतरायचं असा आधीचा विचार होता, तो मोडीत काढला. झिजलेल्या गुडघ्याला ओल्या शिडीचा दांडा म्हणजे पडण्याचं आमंत्रण.

पडद्याचा प्रश्न घरातल्या बायकांनीच सोडवला. रोपांसाठी आणलेली हिरवी शेडनेट दुहेरी करून हौदाच्या तिन्ही बाजूंनी बांधली. कपड्यांवर थोडं अडलं. साडीने पाण्यात उतरू नये: निऱ्या फुगून वर येतात, पायात अडकतात, आणि बाहेर पडताना भिजलेल्या साडीचं ओझं नेमकं तेव्हा अंगावर येतं जेव्हा पाण्याचा आधार सुटलेला असतो. शेवटी सैल सुती पायजमा आणि गुडघ्याच्या वर संपणारा कुर्ता ठरला. पायात पट्ट्याची प्लॅस्टिक सँडल, कारण मधुमेहात तळव्याची जाणीव कमी झालेली असू शकते आणि सिमेंटचा ओरखडा कळत नाही. उतरण्याआधी सून दोन्ही टाचा बघे. पहिल्याच आठवड्यात उजव्या टाचेची एक भेग रक्ताळलेली निघाली. ती भरेपर्यंत नऊ दिवस पाणी बंद. सगळी तयारी झाल्यावर थांबणं जिवावर येतं, पण उघडी जखम घेऊन कोमट पाण्यात उतरणं म्हणजे मधुमेही पायाला जंतूंच्या हवाली करणं.

आता पाणी तापवण्याचा हिशेब. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. ४,००० लिटर एक अंशाने वाढवायला साडेचार युनिटांहून जास्त वीज. डिसेंबरात पहाटेची हवा दहा अंशांच्या खाली जाते, पण बोअरचं पाणी २७ अंशांचं निघालं. तरी २७ वरून ३३ वर न्यायला २८ युनिटं. रोज हे कोणाला परवडणार?

तोड दोन गोष्टींनी निघाली, चुलीसाठी कपाशीच्या पऱ्हाट्या (वाळलेल्या काड्या) आणि झाकण. हौदातलंच २०० लिटर पाणी काढून, उकळीच्या जवळ नेऊन परत ओतलं की हौद सव्वातीन अंशांनी चढतो. अशा दोन फेऱ्यांत २७ चे ३३ होतात. त्यानंतर खेळ झाकणाचा. उघड्या हौदाचं पाणी एका थंड रात्रीत चार-पाच अंश उतरे, कारण उष्णता मुख्यतः वाफेवाटे जाते. थर्माकोलच्या पाट्या पाण्यावर तरंगत ठेवून वरून ताडपत्री ओढली तर उतार दीड-दोन अंशांवर आला. घराच्या गच्चीवर २०० लिटरचा सोलर होता. त्याचं साठ अंशांचं पाणी हौदातल्या तेवढ्याच पाण्याच्या बदल्यात सोडलं की दीड अंश मिळतो. म्हणजे रात्रीचा तोटा सोलर जवळजवळ भरून काढतो आणि चूल फक्त थंडीच्या लाटेत पेटवावी लागते.

उकळतं पाणी ओतताना हौदात कोणी नसावं, बांबूने तळापासून ढवळावं, पाच मिनिटं थांबून मोजावं. गरम पाणी वर तरंगतं. न ढवळता वरचं मोजलं तर आकडा फसवतो. मुलाने इमर्शन रॉड सोडायचा विचार बोलून दाखवला. पाण्यात माणूस असताना हौदाजवळ विजेची कोणतीही जिवंत वस्तू नको. पंपाचा मेन स्विचसुद्धा बंद. यात तडजोड नाही.

तरी पहिला दिवस चुकला. पाणी हाताने बघितलं होतं, ‘हाताला बरं लागतंय’ म्हणून. शेतात राबलेल्या तळहाताला ३९ अंश बरंच लागतं. त्या उत्साहात चाळीस मिनिटं आत राहिल्या आणि वर येताना पुन्हा गरगरलं. तापाचा काचेचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, त्याचे आकडे ३५ अंशांपासून सुरू होतात. शून्य ते शंभर अंशांचा प्रयोगशाळेचा थर्मामीटर आणला, सुतळीने कठड्याला बांधला आणि त्यानंतर तो आकडा बघितल्याशिवाय उतरणं बंद केलं.

व्यायाम सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी तीनला, हवा उबदार असताना. जेवून दीड तास झालेला, रिकाम्या पोटी कधीच नाही, कारण मधुमेहाच्या काही गोळ्या व्यायामात साखर एकदम खाली आणतात. कठड्याजवळ गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. पाण्यात घाम कळत नाही आणि लघवी जास्त होते, म्हणून तहान नसली तरी प्यायचं. सून हौदाशेजारी बसलेली, मोबाइल बाजूला ठेवून.

पहिले दोन आठवडे वीस मिनिटं. सुरुवातीला आठ फुटांत पुढे चालणं चार मिनिटं, बाजूने दोन, मागे दोन. टाच आधी टेकवून पूर्ण पाऊल. पाण्यात माणूस चवड्यांवर तरंगत चालतो आणि त्याने गुडघा वाकलेलाच राहतो, ही सवय पहिल्या दिवशीच मोडावी लागते. मग भिंतीला पाठ लावून, मांडी उचलून गुडघा सरळ करणं, दहा-दहा वेळा दोनदा. भिंतीकडे तोंड करून टाच मागे कुल्ल्याकडे नेणं, तेवढंच. पाय बाजूला फाकवणं, तेवढंच. खुब्याच्या बाजूचा स्नायू कमजोर असला की चालताना गुडघा आत कोसळतो, म्हणून हा व्यायाम टाळू नये. शेवटी कठडा धरून पाव बैठक आठ वेळा आणि दोन मिनिटं सावकाश चालून बाहेर.

बाहेर येणं हा वेगळा व्यायाम समजावा. पाण्याखालच्या तिसऱ्या पायरीवर कठडा धरून एक मिनिट उभं राहायचं, पोटऱ्या दहा वेळा ताणायच्या, मग वर. चांगला पाय आधी चढतो, दुखरा आधी उतरतो. बाहेर आल्यावर खुर्चीत पाच मिनिटं, टॉवेल अंगावर.

तिसऱ्या आठवड्यापासून तीस मिनिटं आणि तळाशी सहा इंचांचा सिमेंटचा ठोकळा, त्यावर चढउतार आठ-आठ वेळा. त्याच आठवड्यात मांड्यांवर बारीक लाल पुरळ उठली, केसांच्या मुळाशी पू धरलेली. कारण शोधायला वेळ लागला नाही: ब्लीचिंग पावडरची पिशवी उघडी पडलेली, जुनी, तिच्यातलं क्लोरीन उडून गेलेलं. कोमट पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि क्लोरीन झपाट्याने संपतं. पाणी सगळं सोडलं, हौद घासला, पायऱ्यांच्या कोपऱ्यातलं शेवाळ काढलं. ताज्या पावडरीत तीसेक टक्के क्लोरीन असतं. ४,००० लिटरला ३० ग्रॅम म्हणजे साधारण दोन पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात दोन भाग क्लोरीन). पावडर थेट हौदात टाकायची नाही. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळ ओतायची. ग्रामपंचायत पाण्यातलं क्लोरीन तपासायला वापरते तोच क्लोरोस्कोप कामी येतो: दर वेळी उतरण्याआधी एक ते दोन पीपीएम दिसलं पाहिजे. डोकं पाण्याखाली न्यायचं नाही, नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही. दर पंधरा दिवसांनी, किंवा तळ दिसेनासा झाला तर त्याआधी, पाणी बदलायचं. जुनं पाणी दोन दिवस उघडं ठेवून, क्लोरीन उडाल्यावर केळीला. पाण्याला जपणाऱ्या या भागात एवढं पाणी नुसतं वाहू देणं कोणालाच पटलं नसतं.

पाचव्या आठवड्यात तिसरी चूक झाली आणि ती सगळ्यात शिकवणारी. पाण्यात दुखत नाही म्हणून त्यांनी पाय झटकण्याचा वेग वाढवला, दहाचे तीस केले. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट केला तर विरोध चौपट. पाण्यात काही जाणवलं नाही. दुसऱ्या सकाळी उजवा गुडघा टम्म, वाटीच्या वर बोट दाबलं तर पाणी डुचमळत होतं. एक आठवडा नुसतं सावकाश चालणं आणि बर्फाचा शेक. कोमट पाणी वेदनेची धोक्याची घंटा बंद करतं, म्हणून हिशेब पाण्यात न करता बाहेर करायचा: व्यायामानंतर दोन तासांनी दुखणं आधीपेक्षा जास्त असेल, किंवा सकाळी सूज असेल, तर पुढच्या वेळी एक तृतीयांश कमी. त्यानंतर सून दिनदर्शिकेवर रोज सकाळी दहापैकी आकडा लिहू लागली आणि वाद मिटले.

सातव्या आठवड्यापासून आठवड्यातले दोन दिवस जमिनीवर. पाण्यात वजन हलकं असतं, म्हणून ओटा उतरण्याची ताकद केवळ पाण्यातून येत नाही. उंच खुर्चीवरून उठणं-बसणं, आधी हाताने टेकून, मग हात छातीवर. पलंगावर पाय सरळ ठेवून मांडी आवळणं पाच सेकंद, दहा वेळा. हेच व्यायाम चार महिन्यांपूर्वी त्यांनी चौथ्या दिवशी सोडले होते. सोबत वजन. एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा दाब साधारण चार किलोंनी घटतो. भाकरी दोनावरून दीडवर आणि दुपारच्या चहातली साखर बंद, एवढंच केलं. भरीत होतं तसंच ठेवलं.

बाराव्या आठवड्यात चालतानाची वेदना सातावरून चारावर. तीस सेकंदांत खुर्चीतून दहा वेळा उठल्या. तीन मीटरची फेरी पंधराऐवजी बारा सेकंदांत. वजन अडीच किलो कमी. वेदनाशामक गोळी रोज होती, ती आठवड्यातून दोनदा. एक्स-रे पुन्हा काढला नाही. तो बदलणारच नव्हता. मांडी घालून बसणं आणि निंदणीला उकिडवं बसणं जमत नाही, आणि ते पुन्हा जमेल असं सांगणं खोटं ठरेल. संडासात कमोडची खुर्ची ठेवली आहे. ओटा मात्र कठडा धरून, न थांबता उतरतात.

मार्च संपता संपता चूल आणि सोलर दोन्ही बंद झाले. एप्रिलमध्ये दुपारी हौदाचं पाणी आपोआप ३७ वर जाऊ लागलं. हवा चाळिशी ओलांडते तेव्हा अडचण उलटी होते. थर्माकोल काढून टाकला, शेडनेट वरूनही ताणली आणि वेळ सकाळी साडेसहावर नेली, रिकाम्या पोटी मात्र तेव्हाही नाही. त्या वेळी पाणी ३२-३३ वर मिळतं. मे महिन्यात पारा ४५ कडे गेला त्या आठवड्यात दोन सकाळी थर्मामीटरने ३५ दाखवले, तेव्हा बोअर सुरू करून अर्ध्या तासात पाणी उतरवलं, पंप बंद केला, मेन स्विच ओढला आणि मगच त्या आत गेल्या. उन्हात क्लोरीन आणखी लवकर उडतं, म्हणून निवळ आता आदल्या संध्याकाळी टाकतात आणि सकाळी पुन्हा मोजतात.